चार वाजताचं आकाश

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं ग्रंथपाल स्वतःशी म्हणत. पण ते काही खरं नव्हतं. उत्तर ते जवळजवळ रोज लिहीत होते. ते फक्त संपत नव्हतं.

पत्र मागच्या थंडीत आलं होतं, साप्ताहिकाच्या कचेरीमार्फत. लाँड्रीच्या पावतीच्या कोऱ्या बाजूवर ते लिहिलेलं होतं. छापील बाजूला दुकानाचा पत्ता आणि ‘डाग न निघाल्यास आमची जबाबदारी नाही’ एवढंच होतं. मजकूर असा होता :

‘आकाशाबद्दल लिहिणाऱ्या साहेबांना नमस्कार. तुमचं सदर आम्ही दर आठवड्याला वाचतो. त्या पानात कपडे गुंडाळायच्या आधी वाचून घेतो. तुम्ही नेहमी लिहिता की सूर्य मावळल्यावर बघा, नाहीतर पहाटे बघा. संध्याकाळपासून आमची इस्त्री चालू असते आणि पहाटे धुणं असतं. घरातल्या सगळ्यांना मिळून मोकळा वेळ दुपारी चार वाजता, चहापुरता. मुलंही तेव्हाच शाळेतून येतात. आमच्या सासूबाई म्हणतात, आकाश हे रिकामटेकड्या लोकांसाठी असतं. मला तसं वाटत नाही, पण माझ्याकडे पुरावा नाही. तरी चार वाजता आकाशात बघण्यासारखं काही असतं का, ते कळवावं. नसेल तर तसं कळवावं, म्हणजे घरातला विषय संपेल.’

खाली सही नव्हती. ‘लाँड्रीवाली’ एवढंच होतं.

ग्रंथपालांनी पत्र वाचलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला आणि लगेच फार भीती वाटली. इतक्या वर्षांत सदराला आलेलं हे पहिलंच पत्र होतं. एकदा एका वाचकानं शब्दकोड्याचं उत्तर चुकून त्यांच्या नावे पाठवलं होतं, पण ते धरता येत नाही.

उत्तर सोपं होतं. चंद्र. अमावस्येनंतर पाच-सहा दिवसांनी चंद्र दुपारीच वर येऊन बसलेला असतो आणि चार वाजता चांगला दिसतो. हे त्यांना पुस्तकातून माहीत होतं. तेवढं लिहून पाकीट चिकटवायला हरकत नव्हती. त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं, ‘चार वाजता चंद्र दिसतो. मात्र –’

घोटाळा तिथून सुरू झाला. मात्र तो रोज दिसत नाही. मात्र ढग नसावेत. मात्र ऋतूप्रमाणे उंची बदलते. मात्र ‘दिसतो’ म्हणजे नेमकं काय, कारण आकाशात असणं आणि दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंडी सरली तेव्हा उत्तर बांधणीला देण्याइतकं जाड झालं होतं, आणि त्यात लाँड्रीवालीचा उल्लेख पहिल्या ओळीनंतर कुठेही नव्हता.

खरी अडचण वेगळीच होती आणि ती ग्रंथपालांना पक्की ठाऊक होती. चार वाजताचा चंद्र त्यांनी स्वतः पाहिला नव्हता. नोकरीच्या सगळ्या वर्षांत चार वाजता ते ग्रंथालयाच्या तळघरात, फाटलेल्या पुस्तकांना पाठ चिकटवत बसलेले असत. सदर लिहायचे ते तक्त्यांवरून. शनी कुठे, गुरू कुठे, हे ते बिनचूक सांगत. पण ‘तो बघा’ असं म्हणून बोट वर करण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलाच नव्हता, आणि आला असता तर त्यांनी बोट खिशात घातलं असतं.

घरात दुर्बीणही होती. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी दिली होती. ती खोक्यासकट कपाटावर होती. तिच्यासोबतचं माहितीपत्रक ग्रंथपालांनी चार भाषांत वाचलं होतं. त्यातल्या दोन त्यांना येत नव्हत्या.

मग एके दिवशी कपाट झाडताना बायकोच्या हातून एक जाडजूड पुस्तक निसटलं आणि त्यातून पावती बाहेर पडली.

“हे काय?” ती म्हणाली.

“पत्र आहे.”

“ते दिसतंय मला. उत्तर दिलंत?”

“चालू आहे.”

तिनं तारीख वाचली. मग टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. “एव्हाना तर तिची मुलं नोकरीला लागली असतील.”

“मी स्वतः पाहिलेलं नाही गं. न पाहता कसं लिहू?”

“बाकीचं सगळं लिहिता ते?”

हा प्रश्न ग्रंथपालांना लागला. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. शेवटी म्हणाले, “तू म्हणतेस ते बरोबर आहे. मी उद्या बघतो. दिसला तर उत्तर टाकतो. नाही दिसला, तर सदर बंद. ज्याला स्वतःला वर बघता येत नाही, त्यानं घरोघरच्या लोकांना वर बघा म्हणत फिरू नये.”

“आणि सदर बंद झाल्यावर दिवसभर काय करणार?”

“काहीतरी वाचीन.”

“म्हणजे माझ्या डोक्याशी बसणार,” बायको म्हणाली. “नको. चंद्र दिसलाच पाहिजे.”

आता दोघांचंही काहीतरी पणाला लागलं होतं.

माहितीपत्रकात लिहिलं होतं की दुर्बिणीच्या नळीवर एक छोटी नळी असते. ती नेम धरायला. वापरण्याआधी दोन्ही नळ्या दिवसाउजेडी, लांबच्या एखाद्या स्थिर वस्तूवर जुळवून घ्याव्यात. म्हणजे छोटीत दिसेल तेच मोठीत दिसेल. हे करायला लांबलचक सरळ जागा हवी.

“आपल्या गॅलरीतून लांबचं काय दिसतं?” बायको म्हणाली. “समोरच्यांचं न्हाणीघर. त्यावर नेम धरलात तर आपल्याला घर बदलावं लागेल. वखारीमागचा रस्ता कसा सुतासारखा सरळ आहे. तिथे जाऊ.”

“तिथे ती लाँड्री आहे.”

“असू दे. तुम्हाला कोण ओळखतंय?”

यानं ग्रंथपालांना खरोखरच धीर आला.

दुसऱ्या दिवशी साडेतीनच्या सुमाराला दोघं वखारीमागच्या रस्त्यावर पोचली. रस्ता सरळ होता, पण वर बघायची सोय नव्हती. दोन्ही बाजूंच्या दुकानांनी आपापल्या ताडपत्र्या अशा ताणल्या होत्या की त्या मधोमध एकमेकींना भेटायच्याच बाकी होत्या. वर निळं आणि पिवळं प्लास्टिक, खाली त्याच रंगाचा उजेड. ग्रंथपालांनी विचार केला, इथे नुसत्या नळ्या जुळवू आणि मग दुर्बीण उचलून मैदानात जाऊ. सलूनच्या बाजूला, कुणाच्या अध्येमध्ये येणार नाही अशा बेतानं, त्यांनी तिपाई उभी केली. घडीच्या पट्टीनं तिचे तिन्ही पाय मोजून सारखे केले. वही काढली. डोळ्यांत बाजूचा उजेड येऊ नये म्हणून डोक्यावर रुमाल टाकला.

“आता तू ती लाल छत्री घेऊन पार त्या टोकाला जा,” ते बायकोला म्हणाले. “मिटलेलीच ठेव. सरळ उभी धर. मी हात दाखवीन तसं सरक.”

“ही एवढी वर्षं तेच करतेय,” बायको म्हणाली आणि गेली.

त्या रस्त्याविषयी एक गोष्ट ग्रंथपालांना माहीत नव्हती. रस्ता रुंद होणार, ही आवई तिथे अधूनमधून उठायची. प्रत्येक दुकान मूळ भिंतीपासून चारदोन हात तरी पुढे आलेलं होतं. कुणाची पायरी, कुणाचं बाकडं, कुणाचा ओटा, आणि ताडपत्री तर सगळ्यांचीच. पालिकेचा माणूस कधी ना कधी यंत्र घेऊन येणार आणि खडूनं रेघ मारणार, हे तिथली पोरंटोरंही जाणून होती. अशा रस्त्याच्या एका टोकाला डोक्यावर रुमाल टाकलेला एक वयस्कर माणूस तिपाईवरच्या नळीला डोळा लावून उभा राहिला, दुसऱ्या टोकाला एक बाई लाल काठीसारखं काहीतरी उभं धरून राहिली, आणि तो माणूस हातानं ‘डावीकडे, आणखी डावीकडे, बस’ असं करू लागला.

सलूनवाल्यानं गिऱ्हाइकाची दाढी अर्ध्यावर सोडली आणि तो बाहेर आला.

“नमस्कार साहेब.”

“नमस्कार,” ग्रंथपाल म्हणाले. अनोळखी माणसानं साहेब म्हटलं की त्यांना माफी मागावीशी वाटत असे.

“मोजणी का?”

“छे, छे. जुळवणी चाललीय.”

सलूनवाल्याचा चेहरा उतरला. तो शेजारच्या सायकलवाल्याकडे गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “मोजणी कधीच होऊन गेली रे. आता जुळवणी चाललीय.”

“कुठली मोजणी? कधी झाली?”

“आपण झोपलो होतो तेव्हा.”

सायकलवाला हातातलं तेल पुसत आला. “साहेब, ही पायरी माझ्या वडिलांच्या काळची आहे बरं का.”

ग्रंथपालांनी पायरीकडे पाहिलं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून ते म्हणाले, “छान आहे. बरीच पुढे आहे.”

सायकलवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

ग्रंथपाल पुन्हा नळीला डोळा लावून बसले, कारण माणसांशी बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. आणि तेवढ्यात मोठ्या नळीत बायको दिसली. ती उलटी होती. डोकं खाली, पाय वर, आणि लाल छत्री आभाळातून खाली लोंबल्यासारखी. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं हे त्यांनी वाचलेलं होतं, तरी ते दचकले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. ती कुणाशी तरी बोलत होती आणि हसत होती. त्यांनी वहीत लिहिलं : ‘छत्री उलटी. ठीक.’

वहीत काहीतरी लिहिलं गेलं, हे रस्त्यानं पाहिलं.

तिकडच्या टोकाला लोक बायकोला विचारत होते की काय चाललंय. ती म्हणत होती, “मला काय माहीत? त्यांनी सांगितलं उभी राहा, मी उभी.” हे उत्तर सरकारी वाटल्यामुळे कुणी पुढे काही विचारलं नाही.

मग रस्त्यावर एकच धांदल उडाली. सलूनवाल्यानं आणि अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकानं मिळून बाकडं आत ओढलं. औषधवाल्यानं फळा आत घेतला. सायकलवाल्याला पायरी काही उचलता येईना, म्हणून त्यानं तिच्यावर सायकल आडवी टाकून ती झाकली. आणि मग, एकानं केलं म्हणून दुसऱ्यानं, ताडपत्र्या सुटायला लागल्या. दोऱ्या सोडल्या गेल्या, बांबू खाली आले, निळं-पिवळं प्लास्टिक गुंडाळलं गेलं. घटकाभरात रस्ता आपणहून रुंद झाला.

ग्रंथपालांनी मान वर केली तेव्हा सगळीकडे खरा उजेड पडलेला होता. त्यांना वाटलं, इथे चार वाजता सगळे ताडपत्र्या गुंडाळतात. ही पद्धत त्यांना आवडली. कौतुकानं ते वर बघू लागले आणि बघतच राहिले.

रस्त्याच्या त्या टोकाला, लाँड्रीच्या छपरावर, निळ्या आकाशात अर्धा चंद्र होता.

तो फिकट होता. कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखा. ग्रंथपालांनी आजूबाजूला पाहिलं; त्यांच्याखेरीज कुणाचंही लक्ष वर नव्हतं. त्यांनी नळी वर केली, छोट्या नळीत चंद्र धरला आणि मोठ्या नळीला डोळा लावला.

पुस्तकात होता तसाच होता. खड्डे होते, डोंगर होते, उजेडाच्या आणि सावलीच्या सीमेवर सगळं खडबडीत, नख फिरवलं तर लागेल असं. पुस्तकातल्यापेक्षा फरक एवढाच, की हा खरोखर होता. आणि बघता बघता तो कडेला सरकू लागला. कुणी नळीला हात लावला नव्हता. तो आपला सावकाश सरकत गेला आणि चौकटीच्या बाहेर निघून गेला. पृथ्वी फिरते, हे ग्रंथपालांनी सदरात कितीदा तरी लिहिलं होतं. आज ती त्यांच्या पायाखाली फिरली. त्यांनी तिपाईचा आधार घेतला.

“साहेब,” सलूनवाला म्हणाला, “काय ते एकदाचं आम्हालाही बघू द्या. रेघ कुठून जातेय ते कळलं म्हणजे जीव तरी भांड्यात पडेल.”

कुठली रेघ, हे ग्रंथपालांना कळलं नाही. पण नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी चंद्र पुन्हा धरून दिला आणि ते बाजूला झाले.

सलूनवाल्यानं डोळा लावला.

“साहेब, हे काय आहे?”

“चंद्र.”

“आमच्या रस्त्यावर?”

“वर.”

सलूनवाल्यानं डोळा काढून वर पाहिलं. मग पुन्हा नळीत. मग पुन्हा वर. “हा कधी आला?”

“दुपारपासून आहे.”

“आणि हा रोज येतो?”

“रोज नाही. मात्र –” ग्रंथपाल म्हणाले आणि थांबले. समोर माणूस तोंड उघडं टाकून उभा होता. त्याला ऋतूप्रमाणे बदलणारी उंची नको होती. “या आठवड्यात येईल,” ते म्हणाले.

“अरे, इकडे ये!” सलूनवाल्यानं सायकलवाल्याला हाक मारली. “खड्डे बघ खड्डे! आपला रस्ता बरा म्हणायचा!”

त्यानंतर रस्त्याला कुणी आवरू शकलं नसतं. आधी रेघेच्या धास्तीनं आलेले लोक आता रांगेत घुसू लागले. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक दोनदा बघून गेलं आणि तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्याला साबण वाळलाय म्हणून परत पाठवावं लागलं. ग्रंथपालांना बोलावं लागलं नाही, नुसतं चंद्राला दर वेळी परत चौकटीत आणावं लागत होतं. आणि दर माणसामागे तेच दोन शब्द ऐकायला मिळत होते. एक ‘अरे’ आणि दुसरा ‘बापरे’. औषधवाला तेवढा म्हणाला, “हे पालिकेनं केव्हा सुरू केलं?” पण तोवर मागच्यानं त्याला नळीपासून बाजूला केलं.

तिकडून छत्री काखोटीला मारून बायको आली. तिच्यामागून हातात चहाचे पेले घेतलेली एक बाई, दप्तरं पाठीवर असलेला मुलगा आणि मुलगी, आणि सगळ्यांच्या मागून एक म्हातारी. म्हातारीच्या उजव्या हाताला इस्त्री धरून धरून बाक आला होता. ग्रंथपालांनी पत्रातली ती माणसं ओळखली आणि ते तिपाईच्या मागे सरकले.

“रस्ता रुंद करायला चंद्र कशाला लागतो म्हणते मी?” म्हातारी लांबूनच म्हणाली.

“सासूबाई, बघून तर घ्या.”

“काय बघू? सगळे रिकामटेकडे गोळा झालेत. धंद्याच्या वेळी नळीत डोळे घालून उभे.”

“आत्ता धंद्याची वेळ नाही. चार वाजलेत. चहाची वेळ आहे,” सून म्हणाली. हे ती अशा आवाजात म्हणाली की ग्रंथपालांनी मान खाली घातली. तिनं पुढे केलेला चहा नळी सांभाळण्याच्या नादात त्यांच्याकडून तसाच राहिला.

मुलांनी आधी पाहिलं. मुलगी म्हणाली, “आई, तो पळतोय!” मुलगा म्हणाला, “पळत नाहीये, आपण पळतोय,” आणि ग्रंथपालांनी त्याच्याकडे चमकून पाहिलं. “सदरात लिहिलं होतं,” मुलगा म्हणाला. “शर्ट गुंडाळायच्या पानावर होतं.”

मग लाँड्रीवालीनं पाहिलं. चहाचा पेला एका बाजूला कलला आणि थोडा चहा सांडला, तो तिला कळला नाही. ती बाजूला झाली आणि तिनं सासूला जागा करून दिली.

“एवढं सगळ्यांनी पाहिलं तर आता मी काय घोडं मारलंय,” म्हातारी म्हणाली आणि वाकली.

 ग्रंथपालांना वाटलं, आता उत्तर यायचंय ते हिच्याकडून. तक्ते, सदर, तो जाडजूड गठ्ठा, सगळं या म्हातारीच्या एका डोळ्यावर येऊन ठेपलं होतं. ती म्हणाली असती, ‘यात काय आहे?’, तर त्यांनी दुर्बीण तिथेच खोक्यात भरली असती.

म्हातारीनं डोळा काढला नाही. चंद्र सरकला, तशी तीही नळीबरोबर जराशी सरकली. ग्रंथपालांनी हलक्या हातानं तो परत आणून दिला.

“सुरकुत्या किती आहेत,” शेवटी ती म्हणाली. “कडेला तर नुसता चुरगळलाय. कुणी कधी इस्त्री फिरवलेली दिसत नाही.”

“तिथे पाणी नाही आजी,” ग्रंथपाल म्हणाले. त्यांच्या तोंडून ते आपोआप निघालं.

“मग कशी होणार इस्त्री? पाणी मारल्याशिवाय घडी बसत नाही.” म्हातारीनं हे अगदी मनावर घेतलं. “आणि उद्या असेल का हा?”

“उद्या असेल. चार वाजता आजच्यापेक्षा थोडा खाली असेल, आणि थोडा जास्त भरलेला.”

“बरं.” ती सरळ झाली, कमरेवर हात ठेवून तिनं एकदा उघड्या डोळ्यांनी वर पाहिलं, आणि सुनेला म्हणाली, “उद्या माझी खुर्ची बाहेर टाक. आत उकडतं.”

लाँड्रीवालीनं “बरं” म्हटलं. घरातला विषय तिथे संपला, हे बाकी कुणाला कळलं नाही.

चहाची वेळ संपत आली. लोक पांगले. ग्रंथपाल तिपाईचे पाय मिटत होते तेव्हा लाँड्रीवाली जवळ आली.

“तुम्ही पालिकेचे नाही ना?”

“नाही,” ग्रंथपाल म्हणाले.

“मला वाटलंच. पालिकेची माणसं चहा सोडत नाहीत.” तिनं रिकामे पेले एका हातात घेतले. “साहेब, एक काम होतं. तुम्हाला यातलं कळतं म्हणून सांगते. साप्ताहिकात आकाशाचं सदर येतं बघा. ते लिहिणाऱ्या माणसाला मी मागे पत्र टाकलं होतं, चार वाजता काही दिसतं का म्हणून. त्यानं काही उत्तर दिलं नाही. बहुतेक त्याला माहीत नसावं. तुम्ही त्याला कळवाल का?”

ग्रंथपालांचे कान लाल झाले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती लाँड्रीच्या दाराशी टांगलेल्या कोटांकडे अगदी लक्ष देऊन बघत होती.

“कळवतो,” ग्रंथपाल म्हणाले.

“रागावून नका कळवू हं. लिहितो बरं तो. जरा लांबण लावतो, पण बरं लिहितो.”

“त्यांना वेळ लागतो,” बायको कोटांकडे बघतच म्हणाली.

दोघं घरी निघाली. वाटेत बायको एवढंच म्हणाली, “सांगून टाकायचं होतंत.”

“तिला उत्तर हवं होतं. मी नको होतो.”

“हे मात्र तुम्ही पहिल्यांदाच एका वाक्यात सांगितलंत.”

त्या संध्याकाळी ग्रंथपालांनी तो जाडजूड गठ्ठा उचलून कपाटावर, दुर्बिणीच्या रिकाम्या खोक्यात ठेवला. खोकं आता तेवढ्याच कामाचं होतं, कारण दुर्बीण दाराशी, छत्रीशेजारी उभी राहिली होती. मग एक कोरं पोस्टकार्ड घेऊन त्यांनी लिहिलं :

‘होय. अमावस्येनंतर पाच-सहा दिवसांपासून पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत चार वाजता चंद्र दिसतो. मी स्वतः पाहिला. ताडपत्री मात्र गुंडाळावी लागेल. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी. तुमच्या सासूबाईंना नमस्कार.’

बायकोनं वाचलं. “सासूबाई कशा आल्या यात? तुमची त्यांची ओळख आहे का?”

“पत्रात उल्लेख होता.”

“बरं. सही?”

ग्रंथपालांनी बराच विचार केला आणि खाली लिहिलं : ‘सदर लिहिणारा’.

टपालपेटी त्यांच्या घराच्या कोपऱ्यावरही होती. पण दुसऱ्या दिवशी ते छत्री घेऊन वखारीमागच्या रस्त्याला गेले. तिथे सलूनच्या भिंतीला एक पेटी होती. चारला थोडा अवकाश होता. ताडपत्र्या पुन्हा ताणलेल्या होत्या, बाकडं बाहेर आलं होतं, पायरीवरची सायकल उचललेली होती. टोकाला लाँड्रीसमोर मात्र एक खुर्ची होती, आणि तिच्यावर म्हातारी, मान वर करून, पिवळ्या प्लास्टिककडे रागानं बघत बसली होती.

ग्रंथपालांना पाहताच सलूनवाला बाहेर आला. त्यानं त्यांच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. एकात छत्री, दुसऱ्यात कार्ड. यंत्र नव्हतं. तरी त्यानं एक हात बाकड्यावर ठेवला.

“साहेब, आज काय?”

“आज फक्त पत्र.”

“कुणाला?”

“याच रस्त्यावर.”

सलूनवाल्याचा हात बाकड्यावर घट्ट झाला. “नोटीस?”

“नाही हो. उत्तर,” ग्रंथपाल म्हणाले.

त्यांनी कार्ड पेटीच्या तोंडाशी धरलं. पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी की तीन-चार, असा एक प्रश्न मनात उभा राहिलाच. त्यांनी तो तसाच उभा ठेवला आणि कार्ड सोडलं. ते तळाशी पडल्याचा बारीक आवाज झाला.

सलूनवाल्यानं पेटीकडे पाहिलं, ग्रंथपालांकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं ताडपत्रीची दोरी सोडायला घेतली.